प्लीहा काढावी लागली तर : दुर्बिणीने की पोट उघडून?

संस्थेच्या स्मरणिकेसाठी यंदा आरोग्यविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. मी पेशाने बँकेतील लिपिक, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तरीही हा विषय निवडला, कारण तो आमच्या घरात घडला आहे, आणि आमच्या हातून झालेली एक चूक दुसऱ्या कुटुंबाकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

२०१६ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीच्या पायांवर बारीक लाल ठिपके दिसू लागले. त्या वेळी ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाठोपाठ नाकातून व हिरड्यांतून रक्त येऊ लागले. साथीचे दिवस असल्याने सर्वांना डेंग्यूची शंका आली. तो तपास कोरा आला. पण प्लेटलेट अवघ्या ९ हजार निघाल्या. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. पुढे निदान झाले, आयटीपी. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी प्लेटलेट वाढायच्या, गोळ्या कमी केल्या की पुन्हा उतरायच्या. चेहरा सुजला, वजन वाढले, अभ्यास मागे पडला. सव्वा वर्षानंतर डॉक्टरांनी प्लीहा काढण्याचा पर्याय पुढे ठेवला.

घरात बैठक बसली. अक्का मला म्हणाली, "भाऊ, पोरीचं लग्न व्हायचंय. पोटावर वण नको. दुर्बिणीनंच करा म्हणावं डॉक्टरला." एवढ्या एका मुद्द्यावर आमची दोन दिवस चर्चा चालली. प्लीहा शरीरात काय काम करते आणि ती गेल्यावर त्या कामाचे काय होणार, हे आम्ही कोणीच विचारले नाही.

प्लीहा म्हणजे काय?

आपल्याकडची जुनी माणसे प्लीहेला पानथरी म्हणतात. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, जठराला लागून हा जांभळट रंगाचा अवयव असतो. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम, म्हणजे मुठीएवढा आकार. निरोगी असताना तो सहसा हाताला लागत नाही. पूर्वी हिवतापाचा जोर असताना तो इतका वाढे की, गावात हिवताप किती आहे हे ठरविण्यासाठी सरकारी डॉक्टर मुलांची पोटे चाचपून पानथरी मोजत.

प्लीहेची मुख्य कामे दोन. पहिले काम गाळणीचे. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या किंवा वाकड्यातिकड्या झालेल्या पेशी प्लीहा अडवते व मोडून टाकते. दुसरे काम पहारेकऱ्याचे. काही जंतूंच्या अंगावर गुळगुळीत कवच असते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस ही त्यांतली मुख्य नावे. असे जंतू रक्तात शिरले की त्यांना टिपण्यात प्लीहेचा वाटा मोठा असतो.

ती नसली तरी माणूस जगतो, हे खरे आहे. यकृत व इतर अवयव पहिले काम बरेचसे सांभाळून घेतात. दुसऱ्या कामाची भरपाई मात्र पूर्ण होत नाही. पुढचे सर्व विवेचन याच एका गोष्टीभोवती फिरते.

कोणत्या रक्तविकारांत प्लीहा काढतात?

आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेटना शत्रू समजते. तसा शिक्का बसलेल्या प्लेटलेट मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात. प्राग येथील कात्झ्नेल्सन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या सूचनेवरून १९१६ साली अशा रुग्णाची प्लीहा प्रथम काढण्यात आली आणि प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. आजही या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीनपैकी दोन रुग्णांना दीर्घकाळ आराम पडतो.

दुसरा विकार जन्मजात गोलपेशींचा. यात तांबड्या पेशी चपट्या राहण्याऐवजी गोल होतात, प्लीहेच्या अरुंद वाटांत अडकतात व फुटतात. रक्त कमी होते, कावीळ होते, पित्ताशयात खडे होतात. पेशींचा दोष प्लीहा काढूनही जात नाही, पण पेशी फुटणे पुष्कळ थांबते. अशा रुग्णाच्या पित्ताशयाची सोनोग्राफी आधी करतात; खडे असल्यास पित्ताशय त्याच वेळी काढता येते.

थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. प्लीहा फार वाढून दिलेले रक्तही खाऊ लागली तर ती काढण्याचा विचार होतो. मात्र वेळच्या वेळी व पुरेसे रक्त मिळणाऱ्या मुलांत ही पाळी आता पूर्वीपेक्षा कमी येते.

सिकलसेल आणि आपण

चौथा विकार सिकलसेलचा. तो आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. त्यानंतरच्या तपासण्यांतून हा दोष विदर्भातील आपल्या समाजात, तसेच गडचिरोली, नंदुरबार आदी भागांतील आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणात असल्याचे दिसून आले. बीड जिल्ह्यात तो तुलनेने कमी आढळतो. पण आपल्या सोयरिकी नांदेड, यवतमाळ, नागपूरपर्यंत जातात, त्यामुळे विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

हा दोष कोणाच्या पापाचा किंवा जातीचा नव्हे. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे एक सिकल जनुक असलेली मुले हिवतापातून अधिक प्रमाणात वाचली, म्हणून हे जनुक टिकून राहिले. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नापूर्वी रक्ताची साधी तपासणी केली तर हे कळते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे.

सिकलसेलच्या लहान मुलात कधी कधी प्लीहेत अचानक रक्त साठते. पोट डाव्या बाजूला फुगते, मूल पांढरे पडते, काही तासांत जीव जाऊ शकतो. जमैका बेटावर डॉक्टरांनी अशा मुलांच्या आयांना घरीच प्लीहा चाचपायला शिकविले, तेव्हा मुले वेळेवर दवाखान्यात येऊ लागली व मृत्यू घटले. अक्षरओळख नसलेली आईही हे शिकू शकते. असा प्रसंग पुन्हा पुन्हा येत असेल तर प्लीहा काढण्याचा सल्ला दिला जातो.

आधीचा प्रश्न : काढायची का?

अवयव काढण्याविषयी सावध राहण्याचा धडा बीड जिल्ह्याने महाग किंमत देऊन शिकला आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शासकीय समितीसमोर २०१९ साली जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यातील अनेक जणी ऐन तारुण्यातल्या होत्या. प्लीहेचे प्रकरण निराळे आहे, पण "काढून टाका, कटकट मिटेल" या वाक्यासमोर थांबून विचारण्याची सवय सगळीकडे उपयोगी पडते.

आयटीपीपुरते सांगायचे तर निदानानंतर निदान एक वर्ष तरी थांबावे, असे अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सुचविले, कारण काहींचा आजार त्या काळात आपोआप ओसरतो. आता रिटुक्सिमॅबची इंजेक्शने, एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या असे पर्यायही आहेत. लहान मुलांत शक्यतो पाच-सहा वर्षे वय पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रिया टाळतात. रक्तविकारतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय हा निर्णय करू नये.

दोन पद्धती

पोट उघडून करायच्या जुन्या पद्धतीत डाव्या बरगडीच्या खाली किंवा पोटाच्या मध्यरेषेवर लांब छेद घेतात. सर्जनचा हात थेट आत जातो. प्लीहेच्या रक्तवाहिन्या बांधून ती अखंड बाहेर काढतात.

दुर्बिणीच्या पद्धतीत रुग्णाला बहुधा उजव्या कुशीवर झोपवून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडून एकातून कॅमेरा व बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारे घालतात. सर्जन पडद्यावर पाहून काम करतो. सुटी केलेली प्लीहा पोटातच एका पिशवीत घालून, तिचे तुकडे करून, थोड्या रुंद केलेल्या छिद्रातून बाहेर काढतात. पिशवी फाटून तुकडे आत सांडू नयेत याची फार काळजी घ्यावी लागते, कारण ते तेथेच रुजून पुन्हा प्लीहेचे काम करू लागू शकतात.

भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात केली. ते सरकारी रुग्णालय आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हातावर पोट असणारा रुग्ण लवकर कामावर परततो, म्हणून ही पद्धत गरीब देशांच्या अधिक उपयोगाची, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढल्याच वर्षी, १९९१ मध्ये, फ्रान्समध्ये दुर्बिणीने प्लीहा काढण्यात आली आणि काही वर्षांत ही रीत जगभर पसरली.

दोन्ही पद्धतींत संपूर्ण भूल द्यावी लागते. दोन्हींत रक्ताची तयारी ठेवावी लागते. दोन्हींत आतली शस्त्रक्रिया तेवढीच मोठी असते. छिद्र लहान म्हणजे ऑपरेशन लहान, ही आमची समजूत चुकीची होती.

जमा आणि खर्च

बँकेतल्या सवयीप्रमाणे दोन्ही पद्धतींचा जमाखर्च मांडून पाहू.

दुर्बिणीच्या बाजूला जमा पुष्कळ आहे. दुखणे कमी. छेद मोठा नसल्याने रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतो, खोल श्वास घेतो, त्यामुळे फुप्फुसाचे त्रास कमी होतात. जखम पिकणे व पुढे टाक्यांच्या जागी हर्निया होणे, हेही कमी. दोन-चार दिवसांत घरी जाता येते. पोट उघडल्यास साधारण आठवडा लागतो. हलकी कामे एक-दोन आठवड्यांत सुरू होतात. उघड्या शस्त्रक्रियेनंतर जड ओझे उचलायला दीड-दोन महिने थांबावे लागते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्याला या फरकाची किंमत कळते. एक जण अंथरुणावर पडला तर जोडी मोडते आणि मुकादमाची उचल अंगावर राहते.

खर्चाच्या बाजूलाही काही नोंदी आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला बहुधा वेळ अधिक लागतो, हत्यारे महाग असतात व सर्जनचा हात त्या कामात मुरलेला असावा लागतो. दर शंभरांत दहा-वीस माणसांना मुख्य प्लीहेजवळ वाटाण्याएवढी जादा प्लीहा असते. ती नजरेतून सुटली तर आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून कोणत्याही पद्धतीत ती शोधावीच लागते.

मुख्य अडचण आकाराची. आयटीपीत प्लीहा सहसा नेहमीच्या मापाची असते, म्हणून तेथे दुर्बिणीला आज पहिली पसंती मिळते. थॅलेसेमियात किंवा काही रक्तकर्करोगांत ती बेंबीच्या खालपर्यंत येऊ शकते. युरोपातील दुर्बीण-शल्यविशारदांच्या संघटनेने २००८ च्या मार्गदर्शनात २० सेंटिमीटरहून लांब प्लीहेला अतिशय मोठी मानले. अशा वेळी एक हात आत घालून दुर्बिणीच्या साहाय्याने किंवा सरळ पोट उघडून काम करणे सुरक्षित ठरू शकते. यकृताच्या आजाराने प्लीहेभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतील तरीही धोका वाढतो. दुर्बिणीने सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरत नसेल तर सर्जन पोट उघडतो. त्याला अपयश समजू नये व नातेवाइकांनी त्यावरून वाद घालू नये. जीव वाचविण्यासाठी घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय असतो.

आता खालची बेरीज. रक्ताच्या आजारावर होणारा परिणाम दोन्ही पद्धतींत जवळपास सारखाच. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होण्याचा धोका दोन्हींत, विशेषतः प्लीहा मोठी असल्यास. आणि पहारेकरी गमावणे दोन्हींत अगदी समान. दुर्बीण वण वाचविते, दिवस वाचविते, वेदना वाचविते. प्लीहा वाचवीत नाही.

पैशांविषयी थोडे. काउंटरवर बसून मी कैक माणसे ऑपरेशनसाठी दागिने गहाण टाकताना पाहिली आहेत. तसे करण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. आपली शस्त्रक्रिया, त्यातही दुर्बिणीची पद्धत, तेथे बसते का हे रेशनकार्ड दाखवून त्यांनाच विचारावे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिला सल्ला तेथे घेता येतो. खर्चाची तुलना करताना रुग्णालयाच्या बिलात सोबतच्या माणसाचे राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरीही धरावी.

आमची चूक

डिसेंबर २०१७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, भाचीची शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. चौथ्या दिवशी ती घरी आली. महिन्याभरात प्लेटलेट दोन लाखांवर गेल्या, गोळ्या सुटल्या. पोटावर चार बारीक खुणा. वर्षभरात त्याही पुसट झाल्या, आणि त्यांच्याबरोबर प्लीहा नसल्याचे आमच्या मनातूनही पुसले गेले.

ऑगस्ट २०१९ मध्ये एका संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप आला. तापाची गोळी दिली, "सकाळी बघू" म्हणालो. पहाटे ती ग्लानीत गेली, हातपाय गार पडले. जवळच्या दवाखान्यात नेले तर तिथल्या डॉक्टरांना प्लीहा काढल्याचे सांगायचे आम्हाला सुचले नाही, आणि पोटाकडे पाहून त्यांना ते कळण्यासारखे नव्हते. तासाभराने अक्काला आठवण झाली. ते ऐकताच डॉक्टरांनी लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू केले व मोठ्या रुग्णालयात पाठविले. अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पोर वाचली, आज ती बी.एड. होऊन शाळेत शिकवते.

पोटावर वीतभर वण असता तर त्या डॉक्टरांनी आल्याआल्या विचारले असते, "हे कशाचे ऑपरेशन?" ज्या वणाला आम्ही भीत होतो, त्याने त्या पहाटे एक तास वाचविला असता. याचा अर्थ पोट उघडून करावे असा नाही. वणाचे काम कागदाने करता येते, तो कागद आम्ही जवळ ठेवला नव्हता.

लक्षात ठेवण्यासारखे

प्लीहा नसलेल्या माणसाला रक्तात जंतू पसरण्याचा आजार क्वचित होतो. पण झाला तर तो झपाट्याने वाढतो व निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावू शकतात. लहान मुलांत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका अधिक, मात्र तो जन्मभर राहतो. म्हणून :

१) शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस या तिन्हींच्या लसी घ्याव्यात. तातडीने करावी लागली तर दोन आठवड्यांनंतर घ्याव्यात. पुढचे डोस केव्हा, हे कागदावर लिहून घ्यावे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी.

२) लहान मुलांना रोजचे पेनिसिलिन किती वर्षे द्यायचे, हे डॉक्टरांना विचारून तसे पाळावे.

३) ताप १०१ अंशांवर गेला किंवा थंडी वाजली तर सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांनी घरी ठेवायला प्रतिजैविक दिले असेल तर पहिला डोस घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

४) "माझी प्लीहा काढलेली आहे" असे मराठीत व इंग्रजीत लिहिलेले कार्ड, शस्त्रक्रियेची तारीख व घेतलेल्या लसींसह, कायम खिशात असावे. घरातल्या प्रत्येकाला, सासरच्या माणसांनाही, ते माहीत असावे.

५) हिवतापापासून जपावे, मच्छरदाणी वापरावी. कुत्रा चावल्यास रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकाचीही गरज असते. प्लीहा नसल्याचे तेथे आवर्जून सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वस्तीत कोणाची अशी शस्त्रक्रिया ठरली तर डॉक्टरांना क्रमाने चार प्रश्न विचारा. काढणे खरोखर आवश्यक आहे का? प्लीहेचा आकार पाहता कोणती पद्धत सुरक्षित, आणि आपण अशा किती केल्या आहेत? लसी केव्हा घ्यायच्या? नंतर ताप आला तर कोणाकडे जायचे? आम्ही यांतला केवळ दुसरा प्रश्न विचारला होता, तोही अर्धाच.

अक्काने भाचीचे कार्ड आता प्लॅस्टिकमध्ये घालून घेतले आहे. एक तिच्या पर्समध्ये असते, एक अक्काच्या देव्हाऱ्याजागी असलेल्या पुस्तकांच्या फळीवर, आणि तिसरे माझ्या पाकिटात, बँकेच्या ओळखपत्रामागे.